फाइल कोणी उघडली, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका औद्योगिक वसाहतीत कुटुंबाचं लहानसं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई तिथलं ऑफिस सांभाळतात. टॅली, बिलं, जीएसटी, बँक, पार्ट्यांचे मेल, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. महिन्यापूर्वी ‘नवीन ऑर्डर’ असा विषय असलेला एक मेल आला. ऑफिसातल्या बावीस वर्षांच्या मुलाने त्यातली वर्डची फाइल उघडली, पान कोरंच दिसलं, म्हणून बंद केली. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरसने ट्रोजन (साध्या फाइलच्या रूपात घुसणारा घातक प्रोग्राम) सापडल्याचं आणि काढल्याचं सांगितलं. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी तोच इशारा येतो. त्यात ‘एक्स्प्लॉइट’ असा शब्द आणि ‘सीव्हीई-२०१७-११८८२’ असा क्रमांक असतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे म्हणतात, फॉरमॅट मारू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१० (वर्ड, एक्सेल वगैरे) त्यांनीच टाकून दिलं होतं आणि ‘अपडेटने मशीन स्लो होतं’ म्हणून अपडेटही त्यांनीच बंद करून ठेवलं होतं. सासरे म्हणतात, त्या मुलाला कामावरून काढा. ताईंना मुलगा प्रामाणिक वाटतो, कारण अशी फाइल उघडली होती हे त्याने स्वतःहून सांगितलं. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असताना हे झालंच कसं, फॉरमॅट मारावं का, आणि मुलाचं काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत. ताजा कलम: परवा एका जुन्या पार्टीने फोन करून विचारलं, ‘तुमचं बँक खातं बदललंय का? तसा मेल आलाय.’ ताईंनी ‘नाही’ सांगून फोन ठेवला.

ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. तुमच्या नावाने पार्टीला खातं बदलल्याचा मेल जात असेल, तर फॉरमॅट, अँटिव्हायरस, मुलगा हे सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही कळवलेला सीव्हीई क्रमांक म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या एका माहीत असलेल्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक, आणि ‘एक्स्प्लॉइट’ म्हणजे तिचा गैरफायदा घेण्याची युक्ती. त्या त्रुटीचा फायदा घेऊन ज्या फाइली फिरतात, त्यांतून एजंट टेस्ला, लोकीबॉट, फॉर्मबुक अशा नावांचे ट्रोजन सर्रास उतरवले जातात. या तिघांचंही काम चोरीचं आहे. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, मेलच्या प्रोग्राममधले पासवर्ड आणि कीबोर्डवर टाइप होणारी अक्षरं गोळा करायची आणि गुपचूप बाहेर पाठवायची. ते फाइली कुलूपबंद करत नाहीत, पडद्यावर खंडणीची पाटी लावत नाहीत. त्यामुळे ऑफिस नेहमीसारखं चालू राहतं आणि आपल्याला वाटतं, अँटिव्हायरसने काढला म्हणजे विषय संपला. इकडे मेलचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. तो माणूस तुमची जुनी बिलं वाचतो, कोणाकडून किती येणं आहे ते बघतो आणि बरोबर वसुलीच्या सुमाराला ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल धाडतो. तुमच्याकडे असंच झालं आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तसं धरून चालणंच शहाणपणाचं आहे.

म्हणून आज, हे वाचून झाल्याबरोबर, ज्यांच्याकडून येणं बाकी आहे त्या प्रत्येक पार्टीला फोन करा. मेल नको, फोनच. सरळ सांगा: ‘आमचं खातं तेच आहे. बदल झाल्याचा मेल आला असेल तर तो आमचा नाही. खात्यात काही बदल झाला तर आम्ही स्वतः फोन करू आणि तुम्हीही आमच्या जुन्या नंबरवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.’ ज्या पार्टीने तुम्हाला फोन केला, त्यांच्याकडून तो मेल आलेला पत्ता मागून घ्या आणि अक्षर अन् अक्षर तपासा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी ठेवले की घाईत फरक कळत नाही. पत्ता असा फसवा असेल तर निदान तो मेल तुमच्या खात्यातून गेलेला नाही. पत्ता तंतोतंत तुमचाच असेल, तर बहुतेक कोणीतरी तुमच्या खात्यात शिरलं आहे. आणि कोणी पैसे भरून बसलं असेल, तर त्यांनी लगेच आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात, त्यामुळे उद्या सकाळी बघू म्हणून चालत नाही.

दुसरं काम मेलच्या खात्याचं. ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून करू नका. तिथे नवा पासवर्ड टाइप केलात तर तोही जायचा. स्वतःच्या मोबाइलवरून करा. पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ असा पर्याय असतो तो वापरा, आणि लॉगिनला पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी खात्री (ओटीपीसारखी) लावून घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी नीट बघा, कारण नुसता पासवर्ड बदलणारे बहुतेक जण इथेच फसतात. एक म्हणजे फॉरवर्डिंग: तुमच्या मेलची प्रत कुठल्या अनोळखी पत्त्यावर जाते आहे का. दुसरं म्हणजे फिल्टर किंवा रूल. चोर असा नियम लावून ठेवतो की ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ शब्द आहे, तो तुमच्या इनबॉक्सात न दिसता परस्पर ‘आरएसएस फीड्स’सारख्या कोणी कधी न उघडणाऱ्या फोल्डरात जावा. पार्टीने शंका विचारणारा मेल केला तरी तो तुम्हाला दिसत नाही, आणि उत्तर देतो चोर. तुमच्या पार्टीने मेल न करता फोन केला हे फार बरं झालं. मेलनंतर बँक, जीएसटी आणि आयकर पोर्टल, ई-वे बिल, जिथे जिथे त्या कॉम्प्युटरवरून लॉगिन झालं आहे त्या सगळ्यांचे पासवर्ड याच पद्धतीने बदला. डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनमधली किल्ली सहसा बाहेर काढता येत नाही, पण टोकनचा पिन टाइप होताना वाचला गेला असू शकतो. तो बदला आणि टोकन दिवसभर मशीनला खोचून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा.

एवढं झालं की कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि मग निवांत पुढचं वाचा.

आता सासऱ्यांचा राग. तो समजण्यासारखा आहे, पण त्यामागे एक समजूत आहे: कॉम्प्युटरमध्ये काही घुसलं म्हणजे कोणीतरी नको ते केलं, नको तिथे गेलं, मोहात पडलं. तुमच्या मुलाने केलं काय? ऑर्डरचा मेल उघडला. त्याच कामासाठी तुम्ही त्याला पगार देता. चौकशीचा मेल आला आणि त्याने उघडलाच नाही, तर ओरडा त्यालाच बसला असता.

फाइल उघडल्यावर काय घडलं असणार, ते जरा तपशिलाने सांगते, कारण सासऱ्यांना हेच समजावून सांगायचं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये गणिताची समीकरणं लिहिण्यासाठी ‘इक्वेशन एडिटर’ नावाचा एक छोटा, वेगळा प्रोग्राम होता. तो तयार झाला २००० साली. ऑफिस २००७ पासून समीकरणांसाठी नवी सोय आली, पण जुनी कागदपत्रं उघडता यावीत म्हणून हा जुना प्रोग्राम तसाच आत राहिला. फाइलमधल्या समीकरणासोबत फॉण्टचं नाव येतं. ते नाव ठेवण्यासाठी प्रोग्रामने ठरावीक जागा राखून ठेवली होती, आणि त्याहून लांब नाव आलं तर काय करायचं याची तपासणीच नव्हती. मुद्दाम लांबलचक आणि विशिष्ट रचनेचं नाव दिलं की ते राखीव जागेच्या बाहेर सांडतं, शेजारच्या स्मृतीवर चढतं, आणि त्या मजकुरात लपवलेल्या सूचना कॉम्प्युटर आज्ञा समजून पाळू लागतो. पहिली आज्ञा बहुधा एवढीच असते: अमुक पत्त्यावरून एक प्रोग्राम उतरवून घे आणि चालू कर. मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) सुरू करायला लागत नाही, कुठली परवानगीची खिडकी येत नाही. पान कोरं दिसतं आणि माणूस फाइल बंद करतो. तोवर काम झालेलं असतं.

ही त्रुटी सतरा वर्षं तशीच पडून होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो इक्वेशन एडिटरच काढून टाकला. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर ऑफिसची अपडेट्स चालू होती, तिथे तीच फाइल उघडली असती तरी तिचा हा डाव साधला नसता. तुमच्या मशीनवर अपडेट बंद होतं. त्यात ऑफिस २०१० ची मुदत ऑक्टोबर २०२० मध्येच संपली, त्यानंतर त्यातल्या नव्या त्रुटी कोणी बुजवलेल्याच नाहीत. तेव्हा ‘कोणामुळे झालं’ हे विचारायचंच असेल, तर त्याचं उत्तर अपडेट बंद करण्याच्या त्या निर्णयापाशी येऊन थांबतं. दुरुस्तीवाल्यांनीही ते तुमच्या भल्यासाठीच केलं असेल. जुन्या मशीनवर अपडेट चालू असताना खरंच काम रखडतं, आणि गिऱ्हाईक तक्रार त्यांच्याकडेच करतं. पण अपडेटची वेळ रात्रीची किंवा जेवणाच्या सुट्टीची लावता येते, त्यासाठी ते कायमचं बंद करायची गरज नव्हती.

मेलमधून आलेली फाइल वर्ड आधी पिवळ्या पट्टीसह फक्त वाचण्यापुरती उघडतं, आणि ‘संपादन सुरू करा’ दाबेपर्यंत असे डाव बहुतेक अडतात, हेही खरं आहे. ती पट्टी महत्त्वाची आहे आणि मुलाला ते नीट सांगायला हवं. पण तीच फाइल झिपमधून आली असेल, तर ‘ही इंटरनेटवरून आली आहे’ ही खूण फाइलसोबत बाहेर येतेच असं नाही, मग पट्टीही दिसत नाही. केवळ त्या एका क्लिकवर माणसाची नोकरी ठरवू नका.

सासऱ्यांना दाखला हवा असेल तर जवळचाच आहे. जून २०१७ च्या शेवटी नोटपेट्या नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं, कारण ते टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश समूहातली होती. त्या बंदरातल्या कोणी भलती फाइल उघडली म्हणून ते झालं नाही. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि विंडोजमधल्या एका त्रुटीचा फायदा घेत एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या मशीनवर ती दुरुस्ती होती, तिथेही तो शेजारच्या मशीनवरून चोरलेले पासवर्ड वापरून पोचला. म्हणूनच मी तुम्हाला आधी पासवर्ड बदलायला लावले.

‘पैसे भरून अँटिव्हायरस घेतलाय’ या तुमच्या वाक्यात थोडी फसवणूक झाल्याची भावना दिसते. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीवर आणि संशयास्पद वागणुकीवर चालतो. चोरटे रोज ट्रोजनचं रूप थोडंथोडं बदलून पाठवतात, आणि नव्या रूपाची ओळख अँटिव्हायरसकडे पोचायला काही तास, कधी एखादा दिवस जातो. तुमच्याकडे इशारा दुसऱ्या दिवशी आला, तो बहुधा यामुळेच. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधली त्रुटी बुजवणं हे अँटिव्हायरसचं कामच नाही. तेव्हा दुसऱ्या कंपनीचा महागडा अँटिव्हायरस घेण्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही, आणि दोन अँटिव्हायरस एकदम तर अजिबात ठेवू नका. ते एकमेकांच्या आड येतात.

मग इशारा पुन्हा पुन्हा का येतो? याचं उत्तर इशाऱ्यातच असतं, पण आपण फक्त नाव वाचतो आणि ‘ओके’ दाबतो. पुढच्या वेळी नावाखालचा फाइलचा पत्ता वाचा, त्याचा मोबाइलने फोटो काढा. तो पत्ता आउटलुकच्या डेटा फाइलचा किंवा ‘डाउनलोड्स’चा असेल, तर ती मुळातली ऑर्डरची फाइलच अजून मेलमध्ये पडून आहे आणि दर स्कॅनला पुन्हा सापडते आहे. ते त्रासदायक आहे, पण त्यामुळे नवं काही घडत नाही. पत्ता ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’ या फोल्डरांतला असेल आणि फाइलचं नाव अर्थहीन अक्षरांचं असेल, तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ कॉम्प्युटरमध्ये काहीतरी अजून जागं आहे आणि ते काढलेली फाइल पुन्हा आणून ठेवतं आहे. त्याची नेहमीची जागा म्हणजे टास्क शेड्युलर, ठरल्या वेळी ठरलेला प्रोग्राम चालवणारी विंडोजचीच सोय. तिथे ‘अपडेट्स’ अशा साळसूद नावाखाली एखादं काम लावून ठेवलेलं असतं, आणि त्यात चालवायच्या फाइलचा पत्ता तोच ‘अ‍ॅपडेटा’चा असतो. अँटिव्हायरस फाइल उचलतो, कधीकधी हे काम तिथेच राहतं. तिसरी शक्यता पेनड्राइव्हची किंवा त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनची. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग आणणारा पेनड्राइव्ह किती कॉम्प्युटर फिरून येतो, याचा विचार करा.

ट्रोजन काढायचा झाला तर विंडोज चालू असताना केलेलं स्कॅन पुरेसं धरू नका. जागा असलेला मालवेअर स्वतःला लपवू शकतो. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन असतं. ते मशीन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्यातही बहुधा ‘बूट टाइम स्कॅन’ नावाने अशी सोय असते. जोडीला मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर हे मोफत साधन दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर उतरवून चालवता येतं. ते उतरवल्यापासून दहा दिवसच चालतं, म्हणून दर वेळी नवं घ्यायचं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे, तिथेही सफाईची मोफत साधनं मिळतात. स्कॅननंतर टास्क शेड्युलर, स्टार्टअपची यादी, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, आणि एनीडेस्कसारखे दूरवरून मशीन चालवायचे प्रोग्राम जे तुम्ही टाकलेले नाहीत, हे सगळं डोळ्यांखालून घाला. मात्र ‘ट्रोजन रिमूव्हर’ असं शोधून जे पहिलं दिसेल ते उतरवू नका. त्या नावाखाली ट्रोजनच विकणारे भरपूर आहेत.

आता फॉरमॅट. घरातल्या कॉम्प्युटरवर, जिथे फोटो आणि मुलांचे प्रकल्प एवढंच आहे, तिथे वरची सफाई आणि अपडेट करून पंधरा दिवस लक्ष ठेवा, असं मी म्हटलं असतं. तुमचं मशीन बँकेचं आणि जीएसटीचं आहे, पासवर्ड चोरणारा ट्रोजन त्यावर महिनाभर येतो-जातो आहे आणि फसवा मेलही गेला आहे. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: फॉरमॅट माराच. पण ‘अर्ध्या दिवसात होतं’ तसं नाही. किल्ल्यांचा जुडगा चोरीला गेल्यावर घर झाडूनपुसून लख्ख केलं, पण कुलपं तीच ठेवली, तर चोराला काय फरक पडतो? फॉरमॅट मारून पुन्हा तेच ऑफिस २०१०, पुन्हा अपडेट बंद आणि पुन्हा त्याच पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ (लायसन्सशिवाय सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट) टाकला, तर महिन्याभरात तुम्ही मला हेच पत्र पाठवाल.

म्हणून दुरुस्तीवाल्यांशी आधी बोलून घ्या. टॅलीचा डेटा, एक्सेल, पीडीएफ, ड्रॉइंगच्या फाइली एवढंच बाहेर काढायचं. जुने सेटअप, अ‍ॅक्टिव्हेटर, ‘.ईएक्सई’ने संपणारं काहीही परत आणायचं नाही. काढलेला डेटा दुसऱ्या स्वच्छ मशीनवर तपासून घ्यायचा, आणि टॅलीचा बॅकअप तिथे खरोखर उघडतो का तेही जुनी डिस्क पुसण्याआधी बघायचं. यात घाई झाली तर ट्रोजनने केलं नाही एवढं नुकसान आपणच करून बसतो. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नव्याने उतरवून टाकायचं, त्याची सगळी अपडेट्स होईपर्यंत मेल उघडायचा नाही, पेनड्राइव्ह लावायचा नाही. ऑफिसचं लायसन्स खरं आहे का, हे मी तुम्हाला मुद्दाम विचारते. दुखावू नका. लहान उद्योगांत ते कितीतरी ठिकाणी खरं नसतं, आणि मालकांना ते माहीतही नसतं. क्रॅक करून टाकलेलं सॉफ्टवेअर अपडेटने बंद पडेल या भीतीनेच पुष्कळदा अपडेट बंद ठेवलं जातं. नवं ऑफिस घेणं आत्ता परवडत नसेल तर लिबरऑफिस मोफत आहे, मराठीही नीट चालतं, आणि कोटेशन-चलनाच्या कामाला पुरतं.

विंडोज १० चा प्रश्न उरतो. त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, धंद्याच्या मशीनसाठी ती वेगळी विकत घ्यावी लागते. साधारण २०१८ च्या आधीच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तुमचं मशीन तेवढं जुनं असेल, तर फॉरमॅटवर पैसे घालण्यापेक्षा बँक, जीएसटी आणि मेलसाठी एक साधंसं नवं मशीन घ्या. जुनं मशीन नेटशिवाय ड्रॉइंग पाहायला शॉपमध्ये ठेवा.

नव्या मशीनवर, किंवा फॉरमॅट मारलेल्या जुन्यावर, रोजच्या कामाचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. साधं खातं करा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. असं काही पुन्हा घुसलंच तर त्याला मशीनवर पूर्ण ताबा सहज मिळत नाही. ब्राउझरला बँकेचा पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. विनरार या झिपसारख्या फाइली उघडायच्या प्रोग्रामकडे जरूर लक्ष द्या. ते आपोआप अपडेट होत नाही, आणि त्यातल्या त्रुटींचा असाच गैरफायदा २०१९ आणि २०२३ मध्ये घेतला गेला होता. एक तर नवी आवृत्ती हाताने टाकत राहा, नाहीतर काढून टाका. साधी झिप उघडायला विंडोज पुरेसं आहे. टॅलीचा बॅकअप दोन हार्ड डिस्कवर आलटूनपालटून घ्या, आणि ज्या डिस्कवर बॅकअप चालू नाही ती मशीनपासून सुटी, कपाटात ठेवा.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि सगळं मोबाइलवरच आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे सध्या चालणारा प्रकार वेगळा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचं चलन म्हणून ‘.एपीके’ने संपणारी फाइल, म्हणजे खरं तर एक अ‍ॅप, येते, आणि ती टाकली की एसएमएसमधले ओटीपी परस्पर जाऊ लागतात. अशी फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी टाकू नका. टाकली गेली असेल तर मोबाइलचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि मग फोन फॅक्टरी रीसेट करा.

ताई, आता त्या मुलाबद्दल. त्याने स्वतःहून सांगितलं, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे. मला ती फार मोलाची गोष्ट वाटते. तो गप्प बसला असता तर इशारा कुठल्या मेलमुळे आला याचा माग तुम्हाला लागलाच नसता. त्याला काढलंत, तर त्याच्या जागी येणारा माणूस पहिल्याच दिवशी हे ऐकेल की इथे फाइल उघडल्याचं कबूल केलं की नोकरी जाते. मग पुढच्या वेळी तुम्हाला कोण सांगेल? सासऱ्यांशी बोलताना मुलाची बाजू घेऊन बोलू नका. त्यांना त्यांच्या मशीनच्या भाषेत विचारा: शॉपमध्ये गार्ड काढून ठेवलेल्या मशीनवर एखाद्या मुलाचा हात सापडला, तर पहिल्यांदा गार्ड बसवायचा की मुलाला घरी पाठवायचं? त्यांना पटकन उमगेल, असं मला वाटतं.

आणि या सगळ्या कामात त्याला बरोबर घ्या. तो ऑर्डरचा मेल डिलीट करू नका. पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना मूळ मेल आणि त्याचा पूर्ण हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, लागतो. मोबाइलवरून, अटॅचमेंटला हात न लावता, तो मेल वेगळ्या फोल्डरात हलवून ठेवायला त्याला सांगा. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता, फाइलचं नाव आणि इशारे कधी कधी आले, हे त्याच्याच हातून एका कागदावर लिहून घ्या. पार्टीकडून मागवलेला फसवा मेल त्यालाच जोडा, आणि तक्रार आजच संध्याकाळी नोंदवून टाका.